चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

आमचा दादा आतड्याच्या कॅन्सरनं गेला, तेव्हा बावन्न वर्षांचा होता. दुखायला लागल्यावर दाखवलं, तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई तेव्हाच आम्हा दोघा पाठच्या भावंडांना म्हणाल्या होत्या, काही त्रास नसला तरी दुर्बिणीनं तपासून घ्या. धाकट्याची बेकरी. तीन वर्षं त्याची एकच टकळी, 'मला काय धाड भरलीय?' शेवटी मीच त्याचं बखोट धरलं आणि तारीख घेतली.

सूचनांचा कागद भट्टीशेजारी चिकटवला. आधीचे तीन दिवस बिया, सालं, तीळ बंद. शेवटच्या दिवशी फक्त पाणी, गाळलेलं सूप आणि पोट साफ करायचं औषध.

"मी काय लहान मूल आहे?" तो म्हणाला.

छे, लहान मुलं ऐकतात तरी!

तपासणीला नेलं, तर डॉक्टरीणबाई लगेच बाहेर आल्या. "आत तीळच तीळ आहेत. काही दिसत नाही. पुन्हा यावं लागेल."

"ताई, शपथ! घासभरसुद्धा खाल्लं नाही मी," हा म्हणतो.

"मग तीळ काय आभाळातून पडले?"

"ते होय? ती तर चव बघितली."

भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतला पहिला, तीळ लावलेला पाव हा मोडून चाखतो. दिवसाला आठ खेपा, वीस वर्षांची सवय. याच्या लेखी ते खाणं नव्हेच! मी कपाळावर हात मारला. बाकावरचे पेशंट खो खो हसले. मलाही हसू आवरेना, म्हणून मी आणखीच चिडले.

पुढच्या तारखेआधी चार दिवस मी बेकरीत ठाण मांडून बसले. चव मी बघायची. मीठ कमी म्हटलं की तो भांडायचा, पण पावाला तोंड लावायची टाप नव्हती.

या वेळी आतडं स्वच्छ होतं आणि आत बोराएवढी गाठ दिसली. ती तिथल्या तिथे काढली. आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. कॅन्सर नव्हता, पण गाठ तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. मी त्याला तिथेच मिठी मारली.

"आणि तुमची तपासणी कधी?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"माझी? अहो, घरचं सगळं बघायचं, शिवाय याचं पथ्य..."

"ताई, तू घाबरतेस," धाकटा म्हणाला.

"हो, घाबरते!" मी फाडकन बोलले. "तुझ्या मागे लागले म्हणजे माझं कुणी विचारणार नाही, असं वाटलं मला." आणि मला रडूच कोसळलं.

एरवी त्यानं टिंगल केली असती. आज त्यानं माझा हात धरला.

"दादाच्या वेळी आपल्या हातात काहीच नव्हतं, ताई. आता आहे."

मी डोळे पुसले आणि बाईंना म्हटलं, "सगळ्यात जवळची तारीख द्या."