डाव्या हाताचा मोजा

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे दोनच माणसांना माहीत होतं. एक तो, दुसरी मी. दोन वर्षं मी तोंड शिवून बसले. त्या पापाची किंमत एका थंड सकाळी माझ्या नणंदेनं जिवानं मोजली असती, आणि तिच्यासोबत मीही.

आमची कंपनी लोकांना चुनखडीच्या कड्यांवर चढायला नेते; कड्यांच्या पायथ्याशीच आमचा तळ, तिथंच राहणं-जेवण. नवरा बोल्टवाला. कड्यावर वाट ठरली की तो माथ्यावरून दोरानं उतरत येतो, ड्रिलनं भोकं पाडतो आणि बोल्ट ठोकतो. मग त्या बोल्टांना दोर अडकवून गिऱ्हाइकं चढतात. शहरातली मास्तर मंडळी, बँकेतली माणसं, हौशी नवराबायको. त्यांचा सगळा भरवसा बोटाएवढ्या लोखंडावर असतो, आणि बोल्ट बसवणाऱ्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नसतं.

चुनखडी हा लबाड दगड. वरून कीर्तन, आतून तमाशा. पाणी त्याला हजारो वर्षं आतून खात असतं आणि तोंडावर मात्र गुळगुळीत हसू. म्हणून भोक पाडायच्या आधी हातोडीनं ठोकून ऐकायचं. भरीव दगड टण् म्हणतो. पोकळ ढब म्हणतो. बोल्टवाल्याची सगळी विद्या एवढीच, आणि ती सगळी कानात.

आता आमच्या लोकांचा शहाणपणा ऐका. ड्रिल कानाशी किंचाळत असतं, पण कानात बोळे घालायचे नाहीत. का? तर बोळे घालणारा दगड काय ऐकणार! बोळे घालणाऱ्याला सगळे बायकी म्हणून हसायचे. माझ्या नवऱ्यानं एकोणीस वर्षं दगड ऐकू यावा म्हणून कान उघडे ठेवले, आणि त्यातच ते गेले.

मला आधी कळलं ते हसण्यावरून. जेवताना कुणी विनोद केला की हा एक क्षण उशिरा हसायचा. बाकीच्यांचे दात दिसले की मग ह्याचे. पुढे कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि हा शेजारी बसून दोर गुंडाळतोय. मी विचारलं, तर माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "ऐकायला येत नाही, पण कळतं. डावा तळहात दगडाला लावून ठोकतो. पोकळ दगड हाताखाली थरथरतो. कानापेक्षा बरं कळतं."

मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचाच होता. हे काम गेलं तर दुसरं काय करणार हा माणूस? आणि त्या दोन वर्षांत त्यानं अकरा वाटा बांधल्या, एकही बोल्ट हलला नाही. चारचौघांत कुणी काही बोललं की मी ते मोठ्यानं, त्याच्याकडे तोंड करून, पुन्हा बोलायचे. लोक मला बडबडी म्हणायला लागले. म्हणेनात का.

ती बारावी वाट. पाच टप्पे, दर टप्प्याच्या शेवटी उभं राहायला खडकाचा एकेक कट्टा, असे चार कट्टे. पाचव्या टप्प्यानंतर माथा. दुसऱ्या दिवशी चौदा गिऱ्हाइकं त्यावर चढणार होती. त्याआधी कंपनीतल्या दोघांनी चढून बोल्टांच्या चाक्या पान्यानं तपासायच्या, असा नियम. त्या दिवशी नणंद आणि मी.

नणंदेला सगळा तळ पाल म्हणतो. भिंतीला तशी चिकटते. नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

चौथ्या कट्ट्यापर्यंत हसत गेलो. कट्टा कसला, दोन वीत रुंद पट्टी. तिथले दोन्ही बोल्ट पालीनं पान्यानं आवळून पाहिले, मला त्यांना अडकवलं आणि ती शेवटच्या टप्प्याला लागली. मी बोल्टांवर भार टाकून बसले आणि तिचा दोर सोडायला लागले. खाली बघायचं नाही हे मला पंधरा वर्षांत जमलेलं नाही. मी बघितलं. गवत, त्यावर आमची गाडी, गाडीपाशी एक ठिपका. तो नवरा.

माझ्या कमरेला पाना दोरीनं लटकत होता. मी अंग वळवलं तसा तो झोका घेऊन दगडावर आपटला.

ढब.

मी दोर धरलेला हात हलवला नाही. डाव्या हातानं पाना धरला आणि बोल्टांच्या मधोमध हळूच ठोकलं. ढब. उजवीकडे वीतभर. ढब. एखाद्या रिकाम्या पिंपावर ठोकावं तसं. डावीकडे, हात पुरेल तिथपर्यंत वाकून ठोकलं. टण्.

मी ज्यांच्यावर बसले होते ते दोन्ही बोल्ट एका पापुद्र्यात होते. पाल वर घसरली तर तो झटका माझ्यामार्फत याच बोल्टांना बसणार होता. मग पापुद्रा, बोल्ट, मी, ती, सगळं एका माळेत गवतावर.

आणि मग आठवलं. हे बोल्ट त्यानं ज्या दिवशी मारले, त्या दिवशी वर वारा सुटला होता. हातमोजा. डावा हातमोजा त्या दिवशी त्यानं काढलाच नव्हता.

भरीव दगडाच्या बाजूला पाण्यानं कोरलेलं मनगटाएवढं भोक होतं. त्यात हात घातला तर दुसऱ्या अंगानं बोटं बाहेर येत होती, मधला दगड मांडीएवढा जाड. मी एका हातानं आणि दातांनी कमरेला लटकवलेली नायलॉनची पट्टी त्यातून ओवायला लागले. तीनदा सुटली. उजवा हात दोरावरून काढला असता तर काम सोपं होतं, पण तो हात म्हणजे वर लटकलेल्या बाईचा जीव. शेवटी पट्टी ओवली गेली. मी स्वतःला त्या पट्टीला अडकवलं आणि मगच हाक मारली.

"पाल, खाली ये."

"काय झालं? लागली का?"

"खाली ये म्हणते ना!"

"अगं वहिनी, दहा मीटर राहिलंय. वर जाऊन काय ते कर निवांत. मी नाही बघत."

"बोल्टांवर भार टाकू नकोस. धरून धरून उतर. पडायचं नाही."

ती हसली. दगडावरून तिचं हसू खाली घरंगळत आलं. "तू ना, जिन्यावरून पण दोर बांधून उतरशील. दादाचे बोल्ट आहेत ते! त्यांना ट्रक बांध, ट्रक."

मी गप्प झाले. खरं सांगते, तेव्हासुद्धा. मरण पायाखाली होतं आणि मी काही तरी खोटं शोधत होते, की पोटात दुखतंय म्हणू, चक्कर येतेय म्हणू. दोन वर्षांची सवय. मग तिचा पाय सटकला. खडे माझ्या शिरस्त्राणावर तडतडले. ती सावरली, पण माझ्या तोंडातून निघून गेलं, छाती फुटेल इतक्या मोठ्यानं,

"तुझ्या दादाला ऐकू येत नाही!"

समोरचा डोंगर चुनखडीचाच. त्यानं ते वाक्य परत केलं. मग दरीनं. जे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं ते सगळ्या रानानं दोनदा ऐकलं. तळावरून कुणीतरी बाहेर येऊन वर बघायला लागलं. गाडीपाशी उभ्या ठिपक्यानं मात्र मान वर केली आणि मजेत हात हलवला.

वरचा दोर हलेना.

"किती दिवस?" पालीचा आवाज आता बारीक होता.

"दोन वर्षं. इथला दगड पोकळ आहे. तुझ्या समोरचाही असेल."

"खाली आले की तुझा गळा दाबते, सटवे."

"दाब. पण ये."

उतरणं चढण्यापेक्षा वाईट, पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. तिची पावलं शिवणयंत्रासारखी थडथडत होती. माझ्यापर्यंत यायला तिला अर्धा तास लागला असेल. मी फक्त तिच्या बुटांच्या तळव्यांकडे बघत होते आणि "डावा खाली, अजून, अजून, ठेव" एवढंच म्हणत होते. कट्ट्यावर पोचल्यावर मी तिलाही त्या पट्टीला अडकवलं. तिनं पाना घेतला, बोल्टापाशी ठोकलं, मग शेजारी ठोकलं.

"कुठले कुठले?" तिनं विचारलं.

"हाताला कळतं त्याला. उघडा हात असला की बरोबर बसवतो. गारठ्यात मोजा घातला होता त्या दिवशीचे सगळे खोटे."

"मग कुठल्या दिवशी कुठले? वहिनी, आपण जाणार कशावरून?"

मी डोळे मिटले. तो वरून खाली काम करत येतो. पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा बोटं निळी होती आणि दोन्ही मोजे पांढऱ्या चिखलानं थापलेले. म्हणाला होता, आज दोनच कट्टे झाले. म्हणजे चौथा आणि तिसरा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्या दिवशी मोजे... दोन धुतले की एक? सगळं माझ्या धुण्यावर येऊन ठेपलं होतं. बादली आठवली, सामानाच्या खोलीतली दोरी आठवली, चिमटे आठवले. एकच मोजा वाळत होता, उजवा. ते बघून तळावरची स्वयंपाकीण म्हणाली होती, "हा काय विधुर झाला का गं?"

"तिसरा खोटा," मी म्हणाले. "दुसरा आणि पहिला खरे."

"नक्की?"

"नक्की."

"दोन वर्षं खोटं बोललीस, आणि आता नक्की म्हणतेस."

आमच्याकडे साठ मीटरचे दोन दोर होते. एकमेकांना बांधून, भोकातून ओवलेल्या पट्टीला एक कडी ठेवून त्यातून टाकले, तर तिसरा कट्टा चुकवून थेट दुसऱ्यावर उतरता येणार होतं. अंतर एकोणसाठ मीटर. पालीनं टोकांना गाठी मारल्या आणि दोर सोडले. मग माझा कमरेचा पट्टा दोराला लावला.

"तू आधी. दुसरा खरा आहे म्हणतेस ना? मग आधी तू लटक त्याला."

बरोबर होतं तिचं.

मी उतरले. वाटेत तिसऱ्या कट्ट्यावर पाना आपटला. ढब. दोनेक तासांपूर्वी आम्ही दोघी त्यावर बसून शेंगदाणे खाल्ले होते. तो आवाज ऐकून मला उलटी झाली, दोरावर लटकल्या लटकल्याच, आणि ती वाऱ्यानं माझ्याच बाहीवर आली.

दुसऱ्या कट्ट्याला पाय लागला तेव्हा दोराच्या गाठी माझ्या ढोपराशी होत्या. ठोकलं. टण्. शेजारी ठोकलं. टण्. सात-आठ ठिकाणी ठोकलं, तरी हात दोर सोडेना. माझा कानही घाबरला होता. त्याला जे हवं तेच ऐकतोय की काय, असं वाटत होतं. वरून पाल ओरडली, "बसलीस का?" मी स्वतःला बोल्टांना अडकवलं, दोर सोडवला आणि त्या दोन बोटाएवढ्या लोखंडांवर सगळं अंग टाकलं. श्वास धरून. वीस मोजले.

"ये," मी म्हणाले.

दोर ओढून घेतले, दुसऱ्या कट्ट्याच्या बोल्टांतून पुन्हा टाकले आणि जमिनीवर आलो तेव्हा ऊन कड्यावरून गेलं होतं. नवरा गाडीच्या दाराला टेकून उभा होता. आम्ही माथ्यावर न जाता खाली आलो, दोर कड्यावर तसेच लटकत सोडलेले, नणंदेचं तोंड पांढरंफटक. दुसरा कुणी असता तर "काय झालं" म्हणाला असता. तो दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला,

"चौथा ना?"

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. त्याला माहीत होतं. मोजा घालून ठोकलं तेव्हाच त्याला माहीत होतं की आपल्याला काही कळत नाहीये. तरी त्यानं भोकं पाडली, दोन दिवस जेवला, झोपला, आणि सकाळी आम्हाला गाडीतून इथं आणून सोडलं. वर हात हलवत होता तो मजेत नव्हता. आम्ही अजून आहोत का ते बघत होता.

पाल त्याच्याकडे पाठ करून पट्टा सोडत होती. त्याच पाठमोऱ्या अंगानं, साध्या आवाजात म्हणाली, "तिसरा पण. आणि दादा, आजपासून मला तू नाहीस."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. दोन वर्षं बघत आला तसंच. मी ते वाक्य पुन्हा, मोठ्यानं, त्याच्याकडे तोंड करून बोलायचं, अशी आमच्या संसाराची रीत.

मी ओठ मिटले. त्याच्या खांद्याला अडकवलेली हातोडी काढून घेतली आणि तळावरच्या मॅनेजरच्या खोलीकडे चालायला लागले. उद्याची चौदा माणसं होती. मागच्या अकरा वाटा होत्या, त्यातला कुठला दिवस थंड होता ते मला एकटीला धुण्यावरून सांगायचं होतं, आणि सगळं धुणं मला आठवत नव्हतं.

तो मागून येत होता. "काय म्हणाली ती?" आवाज त्याच्या ताब्यात राहत नाही, ओरडतच होता. "अगं, काय म्हणाली?"