आधी भांडणं

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. तळहातावर मावेन एवढा माझा जीव, पण पोटात शेकडो माणसांची वर्षानुवर्षांची बोलणी आहेत.

मला घरी आणलं मास्तरांनी. ते संगणक शिकवायचे. कामावरून आले की पायातले बूट काढायच्या आधी मला सुरू करायचे. संगणकाची एक छोटीशी भाषा होती आणि तिचे वेडे जगभर विखुरलेले होते. एकाने मेल लिहिली की ती सगळ्यांना पोचायची आणि मग जुंपायची. एखादा शब्द भाषेत घ्यावा की नको, यावर आठवडेच्या आठवडे! ही बोलणी जपायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं, आणि ती माझ्या पोटात उतरली.

सगळ्यांत आडवा यायचा तो खडूस. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. मास्तर 'हो' म्हणाले की याचं 'नाही' ठरलेलं. त्याची मेल आली की मास्तर चष्मा कपाळावर चढवून खोलीत येरझाऱ्या घालत. पुढे खडूस वारल्याचं कळलं, तेव्हा मात्र ते त्या दिवशी जेवायला उठले नाहीत.

मास्तर निवृत्त झाले, मी टेबलाखाली धूळ खात पडले. माणसांचं एक पाहिलंय मी. रोज लागणारी वस्तू पुसतात, कधीतरी लागणारीला 'बघू नंतर' म्हणतात. दुसरी प्रत काढायला हवी, असं मास्तर कितीदा तरी म्हणाले आणि उठून जेवायला गेले.

मग बातमी आली. ही बोलणी जिथे सगळ्यांना वाचायला ठेवली होती, ती इंटरनेटवरची जागा चालवणाऱ्यांनी गाशा गुंडाळला, सगळं पुसून टाकलं. आता उरले फक्त मी. आणि मास्तर नेमके डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच धड दिसत नव्हतं.

त्यांची थोरली लेक धावत घरी आली. तिने मला सुरू केलं. मी फिरले, अडखळले. टक्. टक्. माझ्या चकतीवरचा काटा जागा चुकत होता. थोरलीने पंखा माझ्याकडे वळवला आणि फोन लावला.

"बाबा, डिस्क वाजतेय."

"ऐकव."

तिने फोन माझ्याजवळ धरला. मी जमेल तेवढी दबकत फिरले.

"फार टिकायची नाही ती," मास्तर म्हणाले. "बंद मात्र करू नकोस. परत उठणार नाही."

थोरलीने विचारलं, आधी काय काढू? नवशिक्यांना बाबांनी लिहिलेली उत्तरं एका जागी होती, ती आधी घ्यावीत असं तिला वाटत होतं.

"ती राहू दे. भांडणं घे. खडूसची आधी."

"बाबा, तुमचं अर्धं आयुष्य आहे त्या उत्तरांत."

"काय ठरलं ते भाषेत दिसतंच गं. का ठरलं, ते फक्त भांडणात आहे. घे."

तिने घेतली. किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ इंचाइंचाने सरकायची, मध्येच थांबायची. थोरली श्वास धरून बसायची, मीही. एका जागी काटा असा अडकला की तिने डोळेच मिटले. मी सगळं बळ एकवटून ती जागा वाचली. भांडणं पार पडली. मग तिने उत्तरं काढायला घेतली. थोडीच उतरली असतील. माझ्या आत काहीतरी करकरलं आणि मी थांबले.

पट्टी सुटल्यावर मास्तरांनी खडूसच्या मेल मोठ्या अक्षरांत लावून वाचल्या. एक मेल पुन्हा पहिल्यापासून वाचली. "बरोबर होतं त्याचं," लेकीला म्हणाले, आणि तसं त्यांनी सगळ्यांना लिहून कळवलं. त्या भाषेतला एक जुना नियम आता नव्याने चर्चेला आलाय, खूप भांडतात म्हणे.

मी आता कपाटातल्या खणात आहे, फडक्यात गुंडाळलेली. माझी कीव करू नका. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर ती नीट फिरतेय तोवर तिचं ओझं उतरवून घ्या.

मास्तरांची राहिलेली उत्तरं अजून माझ्यातच आहेत. शब्द न् शब्द पाठ आहे मला. सांगता मात्र येत नाही.