काटेवाल्या बाईंचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. मला दहा दात आहेत. जन्मलो तेव्हा अकरा होते. देखणा मी कधीच नव्हतो. माझे दात पेन्सिलीएवढे जाड आणि एकमेकांपासून इतके फटकून, की एखाद्या बारीक फणीने मला पाहिलं असतं तर नक्कीच नाक मुरडलं असतं.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. तो खुर्च्या बनवायचा. एका खुर्चीच्या पाठीतून वीतभर लाकूड उरलं, ते त्याने जपून ठेवलं होतं. त्याच्या मुलीचे केस दाट आणि कुरळे होते, आणि दुकानातले कंगवे त्यांत टिकत नसत. दर महिन्याला एकाचे तरी दात पडायचे. तिची आई म्हणायची, या पोरीच्या डोक्यात शिरलेला कंगवा धड बाहेर आलाय असं कधी झालं नाही. मुलीला फिरतीची नोकरी लागली, तेव्हा सुताराने दोन संध्याकाळी खपून मला घडवलं, कानशीने घासून गुळगुळीत केलं, तेल पाजलं आणि तिच्या हातात दिलं.

"कोरड्या केसांत घालू नकोस आणि पाण्यात बुडवून ठेवू नकोस," तो म्हणाला. "एवढं पाळलंस तर तुला पुरून उरेल."

ती वजनकाटे तपासायची. एका गावच्या बाजारातून दुसऱ्या गावच्या बाजारात. तिच्याकडे पितळी वजनांची जड पेटी असायची आणि कामाला ती फार चोख होती. तिला सगळे काटेवाल्या बाई म्हणत. बाई बाजारात शिरल्या की दुकानदारांचे हात एकाएकी प्रामाणिक व्हायचे. चहा पुढे यायचा, खुर्ची पुसली जायची, पण मनापासून गप्पा मारायला कोणी यायचं नाही. तपासायला आलेल्या माणसाशी कोण मैत्री करणार? काम संपलं की बाई लॉजवर यायच्या, खोलीचं दार लावायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

पेटीचं ओझं इतकं, की स्वतःच्या सामानाला जागा उरायची नाही. केसांसाठी त्यांच्याकडे चारच वस्तू होत्या. डबीत शाम्पूची वडी, मुठीत मावेल अशी कंडिशनरची बाटली, बोटाएवढी तेलाची कुपी आणि मी. पाचवी म्हणायची तर एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती सदरा, केस टिपायला.

शनिवारी काम लवकर संपायचं. तेव्हा आमचं काम सुरू व्हायचं. आधी त्या केसांत बोटं घालून मोठे गुंते सोडवायच्या. मग पाणी. वडीचा फेस फक्त टाळूला, केसांना नाही, कारण कुरळे केस आधीच तहानलेले असतात. मग कंडिशनर, तळहातावर थोडंसंच, पण टोकांपर्यंत पोचवलेलं. आणि केस असे निसरडे झाले की मग मी. खालच्या टोकाकडून सुरुवात, एकेक वीत वर. वरून खाली कधी नाही. काही गावांचं पाणी इतकं जड असायचं की फेसच धरायचा नाही, आणि केस वाळले की काथ्यासारखे व्हायचे. अशा गावी बाई शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यायच्या. केस सदऱ्यात दाबून टिपायच्या, चोळायच्या नाहीत, आणि वर तेलाचे दोन थेंब.

मग त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या. ते केस वाळायला चार तास लागायचे. वाळता वाळता एकेक बट वळायची, फुलायची, खांद्यावर उतरायची. मित्रांनो, मी कंगवा आहे, केसांच्या बाबतीत माझा शब्द तुम्ही मानावा. ते चार तास बाई फार सुंदर दिसायच्या. आणि ते बघायला खोलीत मी एकटाच. संध्याकाळ झाली की त्या सगळं गोळा करून घट्ट अंबाडा घालायच्या, तो थेट पुढच्या शनिवारपर्यंत.

अशी एकोणीस वर्षं गेली. मधल्या काळात सुतार गेला, पाठोपाठ त्याची बायको गेली. एक भाऊ होता, दादा, पण तो लांब राहायचा आणि त्याच्या संसारात गुंतलेला. त्याचा फोन आला की बाई म्हणायच्या, मी मजेत आहे.

मग एका मोठ्या धान्यबाजारात बाई ट्रक तोलायच्या काट्याखालच्या खड्ड्यात उतरल्या. शिडीच्या पायरीला तेल लागलेलं होतं. पाय घसरला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ऑफिसने सांगितलं, रजा घ्या, घरी जा. बाई म्हणाल्या, नको, इथले अहवाल मी डाव्या हाताने लिहीन. दादाला सांगितलं, थोडं लागलंय, काही विशेष नाही. आणि त्याच लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्या राहिल्या.

एका हाताने काय काय जमत नाही ते मला तेव्हा कळलं. बाटलीचं झाकण उघडत नाही. अंबाडा बसत नाही. बाई डाव्या हाताने जमेल तसं रबर अडकवायच्या. तीन आठवडे केस धुतले गेले नाहीत. मागे, मानेपाशी, झोपून झोपून त्यांच्या जटा झाल्या, अगदी जाड घोंगडीसारख्या. एका सकाळी बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी मला डाव्या हातात धरलं आणि कोरड्या केसांतच जोराने ओढलं. माझा कडेचा दात कटकन मोडून जमिनीवर पडला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. डोक्याला रुमाल बांधून खाली गेल्या. परत आल्या तेव्हा संध्याकाळी पाचची वेळ ठरवून आल्या होत्या. खालच्या पार्लरवालीने हात लावून बघितलं होतं आणि सांगितलं होतं की हे सुटायचं नाही, मुळापासून काढावं लागेल.

तेवढ्यात चादरी बदलायला मावशी आल्या. लॉजमधल्या सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल त्याच धुवायच्या, म्हणून लोक त्यांना चादरमावशी म्हणत. तीन आठवडे त्या रोज येत होत्या, पण "उठता का जरा" याच्यापुढे दोघींचं बोलणं गेलं नव्हतं. खाली वाकून त्यांनी काहीतरी उचललं.

"हा दात कुणाचा?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग, का कोण जाणे, पाचच्या वेळेचंही सांगून टाकलं. मावशींनी चादर खाली ठेवली, बाईंच्या मागे आल्या आणि न विचारताच रुमाल बाजूला करून केसांत हात घातला. बराच वेळ चाचपडत राहिल्या.

"तीनला मी मोकळी होते," त्या म्हणाल्या. "खाली चादरींच्या खोलीत या. याला आणा, आणि तुमच्याकडे चोपडायचं जे काय असेल ते आणा."

बाई म्हणाल्या की उगाच तुम्हाला त्रास नको.

"त्रास मला होणार ना? मग तो मी बघते."

चादरींची खोली मागच्या अंगाला होती. दोन मोठ्या सिमेंटच्या टाक्या, छतापर्यंत दोऱ्या, इस्त्रीची वाफ. मावशींनी बाईंना टाकीकडे पाठ करून बसवलं, प्लास्टरवर पिशवी बांधली आणि सामान मांडलं. कंडिशनरची बाटली पाऊण रिकामी आणि तेलाची अर्धी कुपी. मला वाटलं, एवढ्यात काय होणार?

मावशींनी आधी पाणी घेतलंच नाही. कोरड्या जटांना तेल लावलं आणि नुसत्या बोटांनी त्या फाकवायला लागल्या. पिळून घट्ट झालेल्या चादरी सोडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठे ओढायचं आणि कुठे थांबायचं हे त्या बोटांना पाठ होतं. एक तास त्या नुसतं तेच करत होत्या. मग कोमट पाणी, मग कंडिशनर. बाटली पालथी करून संपली, तेव्हा ती कात्रीने उभी कापली आणि आतलं बोटाने निपटून घेतलं. मग मला हातात घेतलं. खालच्या टोकाकडून. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काम करता करता त्या बोलत होत्या. त्यांच्या मुलीचे केस असेच होते. तेव्हा मावशींना काही कळायचं नाही. त्या कोरडेच विंचरायच्या, ओढायच्या, वर रागवायच्या. एक दिवस मुलीने शिवणाच्या कात्रीने आपले आपणच कापून टाकले. ती आता मोठी झाली होती, दूरच्या शहरात राहायची, आठवड्याला फोन करायची.

"आता हाताला सगळं कळतं," मावशी म्हणाल्या. "पण डोकं हाताशी नाही."

बाई ताठ बसल्या होत्या. मान लाकडासारखी. मावशी थांबल्या.

"मान सोडा."

"सोडलीये."

"नाही सोडली. सगळं तुम्हीच धरून बसलाय. माझे दोन हात आहेत ना खाली? सोडा."

मी केसांतच होतो, म्हणून मला ते कळलं. मान हळूहळू सैल झाली. अख्खं डोकं मावशींच्या तळहातावर आलं. साऱ्या जगाची वजनं तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचा भार कुणाच्या हातावर टाकला, तो त्या दिवशी. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि कानांवरून टाकीत गेलं. मावशींनी ते पाहिलं, आणि त्यावरून कोमट पाण्याचा तांब्या ओतला.

लिंबाएवढा एक गोळा मात्र सुटला नाही. तेवढा कापावा लागला. बाकीचे सगळे केस वाचले. मावशींनी ते मऊ अभ्र्यात टिपले आणि बाईंना अंगणात वाळत्या चादरींमध्ये बसवलं. पाच वाजून गेले, साडेपाच झाले, हळूहळू अंधार पडला. वाळल्यावर बाई सवयीने अंबाड्यासाठी हात मागे न्यायला लागल्या.

"कशाला बांधता?" मावशींनी विचारलं.

"कामावर बरं दिसत नाही."

"आज कुठे कामावर आहात?"

बाई मोकळ्या केसांनी जिना चढून वर गेल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे तीन शनिवार तसेच गेले. मग प्लास्टर निघालं आणि बदलीच्या गावाचा कागद आला. शेवटच्या शनिवारी बाईंनी मावशींनाच खाली बसवलं. मावशी म्हणाल्या, माझ्या चार पांढऱ्या केसांना काय धुवायचं. पण बसल्या. नुकत्या जुळलेल्या हातात जोर नव्हता, म्हणून बाईंनी ते फार सावकाश धुतले. मावशी डोळे मिटून होत्या.

निघताना बाईंनी मला मावशींच्या हातात ठेवलं.

"हा इथे राहू दे. म्हणजे मला परत यायला निमित्त राहील."

"यायला निमित्त कशाला लागतं?" मावशी म्हणाल्या.

बाईंनी माझ्या मोडक्या दातावरून एकदा अंगठा फिरवला आणि पेटी उचलली.

तेव्हापासून मी चादरींच्या खोलीत, फळीवर, चिमट्यांच्या डब्याशेजारी असतो. पुढच्या वर्षी काटे तपासायला दुसरेच कोणी गृहस्थ आले. त्यांचे केस इतके बारीक कापलेले की त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मावशींनी चौकशी केली. ते म्हणाले, बाईंची सही ओळखतो, बाईंना नाही. त्या शनिवारी मावशींनी मला हातात घेतलं, तेल लावून पुसलं आणि परत ठेवलं. लाकूड न वापरता पडून राहिलं की आतून कोरडं होत जातं. माणसाचंही तसंच असावं.

दोन वर्षांनी, एका शनिवारी पावणेतीनला, दारात बाई उभ्या होत्या. वजनांची पेटी बरोबर नव्हती. केस धुळीने माखलेले होते. त्या म्हणाल्या, रजा मागायलाच इतके दिवस लागले, अर्जात कारण काय लिहावं ते कळेना.

"मग काय लिहिलंत?"

"केसचं काम. साहेबांना वाटलं, कोर्टात काही चाललंय. लगेच सही केली."

मावशी पदर तोंडाशी धरून हसत राहिल्या. मग त्यांनी पाणी तापत ठेवलं.

आता बाई वर्षातून एकदा येतात. दोन दिवस राहतात आणि जातात. बाकीचे शनिवार मी फळीवर असतो, मावशी चादरींत असतात आणि बाई कुठल्यातरी खिडकीपाशी केस वाळवत असतात. एकटेपणा संपला असं मी म्हणणार नाही. लाकूड खोटं बोलत नाही.

मित्रांनो, घरात लाकडी कंगवा असेल तर त्याला पाण्यात ठेवू नका, अधूनमधून तेल लावा. पण माझं मागणं वेगळंच आहे. माणसाला डोक्याची मागची बाजू दिसत नाही, आणि गुंता होतो तो तिथेच. तुमच्या घरात, शेजारच्या खोलीत, कोणी एकटंच केस धूत असेल, तर दारावर टकटक करा आणि एवढंच विचारा, मागचं जमतंय ना?