गुरुसिद्धचं खरं मयत

गुरुसिद्ध आयुष्यात कितीतरी वेळा मेला होता, पण बायकोला न सांगता मेला तो आज पहिल्यांदाच. मल्लव्वाला याचाच राग जास्त आला होता.

दारूबंदीच्या जमान्यात, गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा, चंदगडच्या घाटातून कोल्हापुरात येणारी फेणी गुरुसिद्धच्या हुकमाशिवाय हलत नसे. टोळी त्याची, गाड्या त्याच्या आणि मयतही तोच. लिंगायतांत मयत बसवून नेतात. भस्म लावायचं, हार घालायचे, विमानात म्हणजे फुलांच्या मखरात मांडी घालून बसवायचं आणि वाजतगाजत रुद्रभूमीत पुरायला न्यायचं. हा पठ्ठ्या स्वतःच मयत होऊन बसायचा. मांडीखाली बाटल्या. नाक्यावरचे पोलीस टोपी काढून हात जोडायचे. बैलगाडीला हिसका बसून बाटल्या वाजल्या, की शेजारी बसलेल्या मल्लव्वानं हंबरडा फोडायचा, हे तिचं काम. ती असा गळा काढायची की पोलिसांचेही डोळे भरून यायचे. मग मयत ओठ न हलवता पुटपुटायचं, "बास की गं, कान फुटला माझा."

आता मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर भलामोठा फ्लेक्स लागला होता : 'थोर समाजसेवक, गोवामुक्तीचे झुंजार सेनानी'. नातू संगमेश नगरसेवकपदाला उभा राहणार होता, शिवाय व्यसनमुक्तीची चळवळ चालवत होता. त्याला असला आजा चालणारच नव्हता.

"सेनानी कुठला?" मल्लव्वा म्हणाली. "गोवा सुटला तवा ह्यो माणूस आठ दिस धड जेवला न्हाई. धंदा बसला म्हणून!"

"अज्जी, हळू बोला," संगमेशची बायको विद्याश्री म्हणाली. "आणि जरा रडा की. बायका कुजबुजाल्यात."

खरी अडचण तीच होती. मल्लव्वाला रडू येत नव्हतं. सकाळपासून तिनं दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला, पण एक टिपूस आलं नाही. सत्तर वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला कोरड्या डोळ्यांनी निरोप द्यायचा, याची तिला मनापासून लाज वाटत होती.

"ह्येच्यासाठी खोटं रडूनच मी रिकामी झालो बाई," ती म्हणाली.

दुसरं काम मात्र तिनं चोख केलं. गुरुसिद्धनं बजावून ठेवलं होतं, "मांडीखाली दोन ठेव. एक मला, एक वरच्या नाक्यावरच्या पोलिसाला." बाटल्यांसाठी गोव्याला जावं लागलं नाही. संगमेशच्या गाडीच्या डिकीत, व्यसनमुक्तीच्या पत्रकांखाली, मतदारांसाठी खोकीच्या खोकी होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मल्लव्वानं दोन बाटल्या पदराखाली घेतल्या आणि धोतर नीट करायच्या निमित्तानं जागच्या जागी सरकवल्या. हात अजून सराईत होता.

विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलं. शेजारी मल्लव्वा बसली. पुढे संगमेश, त्याच्याबरोबर पांढऱ्या कपड्यांतले पुढारी. चौकात बंदोबस्ताचे दोन पोलीस उभे होते. आणि नेमक्या तिथंच आपल्या महानगरपालिकेचा खड्डा आला.

खळ्ळ!

पुढारी वळले. पोलीस वळले. संगमेशनं तो आवाज बरोबर ओळखला आणि त्याचा चेहरा भस्मापेक्षा पांढरा पडला. "अज्जी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय वाजलं?"

मल्लव्वानं काही ठरवलं नव्हतं. तिचा गळा आपसूक उघडला. "अगं आई गं! माझं धनी गेलं की गं! मला कुणाच्या जिवावर टाकलंसा वो!" अख्खा चौक हादरला. कुजबुजणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढाऱ्यांनी माना खाली घातल्या. एका पोलिसानं टोपी काढली आणि हात जोडले.

ट्रॉली चौकातून पुढे गेली. बाटल्या गप्प झाल्या होत्या. काम झालं होतं. मल्लव्वा सवयीनं थांबली, हारांच्या ढिगाकडे झुकली आणि कान देऊन बसली.

मयत काही बोललं नाही.

"बोला की वो," ती हळूच म्हणाली. "कान फुटला न्हाई व्हय अजून?"

तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग ती रडू लागली, आणि रुद्रभूमी येईपर्यंत तिला कुणालाच थांबवता आलं नाही.