चौदा नंबरची खुर्ची

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत खुर्च्या साठ आणि उमेदवार दीडशे. रोजच्या बुकिंगच्या वहीत खाडाखोड फार होते, ही व्यवस्थापक बद्रीनाथकाकांची तक्रार. म्हणून मी मोबाईलवर बुकिंग करायचा प्रोग्रॅम लिहून द्यायचा आणि बदल्यात परीक्षेपर्यंत खिडकीजवळची चौदा नंबरची खुर्ची माझी, असं ठरलं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. यवतमाळहून आलेले आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, तिथे अभ्यास म्हणजे नुसती थट्टा.

सकाळी आठला बुकिंग सुरू केलं आणि कोणाच्याच मोबाईलवर काही उघडेना.

ऑफिसातल्या ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालू होता, तिथे मात्र सगळं झकास. रिकाम्या खुर्च्यांचे हिरवे चौकोन, त्यात माझा चौदावा तेवढा राखीव, लाल. मी पळत जिन्यात गेलो, रांगेतल्या माझ्या मैत्रिणीच्या, पूर्वाच्या मोबाईलवर पाहिलं. कोरं पान. परत आत आलो, झकास. वायफाय बंद करून चालू केलं, राउटरची वायर काढून पुन्हा खोचली. जी गोष्ट इथे आहे ती चार पावलांवर नाही, हे कसं? डोकं चालेना.

"चालतंय हो काका, हे बघा ना."

"दिसतंय. मग दीडशे जणांनी तुमच्या मांडीवर येऊन बसायचं का?" काका म्हणाले. "नऊपर्यंत थांबतो. नाहीतर वही काढतो, मग चौदा नंबरही वहीतच."

मी पुन्हा राउटरकडे वळलो. पूर्वा दारातून म्हणाली, "अरे सुदर्शन, खोलीवर लॅपटॉपवर चालवायचास तीच सेटिंग टाकलीस का?"

तीच. सेटिंगच्या दोन फायली होत्या, एक चाचणीची, एक खरी. सवयीने चाचणीची लावली होती, आणि तिच्यात सर्व्हरला बजावलेलं होतं की ह्याच कॉम्प्युटरवरून कोणी आलं तर दार उघड, बाहेरच्याला नाही. गाढव मी. खरी फाईल लावली, तिच्यात दार सगळ्यांना उघडं. जिन्यात गलका झाला. हिरवे चौकोन भराभर लाल होऊ लागले. काका चक्क हसले.

मग मला चौदावा दिसला. हिरवा. राखीव खुर्चीची ओळ मी फक्त चाचणीच्या फाईलमध्ये लिहिली होती. माउसला हात लावेपर्यंत तो लाल झाला, आत पूर्वाचं नाव.

रडू यायचंच बाकी होतं. "काका, माझी खुर्ची गेली."

काकांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिला.

"वही असती," ते म्हणाले, "तर खोडून दिली असती."