बंद शेगडीची टकटक

हॉटेलच्या भटारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सहा बर्नरच्या भल्यामोठ्या शेगडीची सगळी बटणं बंद होती, तरी आतून टक्, टक्, टक् आवाज येत होता. गिऱ्हाइकं जेवण टाकून दारात लोटली होती.

"ऐका," भूत उतरवायला बोलावलेले मांत्रिक बाबा म्हणाले, "हिच्या अंगातलं चेटूक बोलतंय."

ही म्हणजे मालकीणबाईंची सून. बाबांच्या छडीने तिची पाठ सोलून निघाली होती, ओठ फुटला होता. तिचं मनगट खुद्द सासूने, म्हणजे मालकीणबाईंनीच, आवळून धरलं होतं. सून घरात आली त्याच आठवड्यात शेगडीवर दूध उतू गेलं, ज्योत पिवळी पडली, पातेली काळी व्हायला लागली. तेवढ्यावरून सासूबाईंनी खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरवून टाकलं. बाबांनी उपाय दिला. रोज बर्नरवर मंतरलेली राख टाकायची आणि बटणांवर मंतरलेलं पाणी शिंपडायचं. उपाय नेमाने चालला आणि दुखणंही नेमाने वाढलं. आज शेवटचा इलाज होता, सुनेचा हात ज्योतीवर धरायचा. निर्दोष असेल तर भाजणार नाही म्हणे!

बाबांनी बर्नर पेटवला. सासूबाईंनी मनगट पुढे ओढलं. बोटांची कातडी चरचरली आणि सून किंचाळली, पण सासूबाईंची पकड सुटली नाही.

तेवढ्यात सासूबाईंची मुलगी कोपरं मारत आत घुसली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने भावजयीला मागे खेचलं, बर्नर बंद केला आणि शेगडीचा भिंतीतला प्लग उपटला.

टकटक थांबली.

"आई, चेटकाला वीज कशाला लागते?" तिने विचारलं. बटणामागे पाणी गेलं की आतला स्विच ओला होतो आणि ठिणगी आपोआप उडत राहते, हे तिने सगळ्यांना समजावलं. बाबा पाणी शिंपडून डोळे मिटून थांबतात ते पाणी मुरावं म्हणून. मग तिने बर्नरचं झाकण काढून राख झाडली, टाचणीने दूध सांडून बुजलेली भोकं मोकळी केली, झाकण नीट बसवलं आणि काडी लावली. निळीशार ज्योत उभी राहिली.

बाबांनी मुलीवर छडी उगारली. छडी खाली यायच्या आत सासूबाईंचा लोखंडी झारा बाबांच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर पडले. सासूबाईंनी झारा पुन्हा उचलला.

"आई, बास," मुलगी म्हणाली. "आता पोलिसांना बोलवू." मग ती दारातल्या लोकांकडे वळली. "शेगडी बिघडली तर शेगडी उघडून बघा. त्यासाठी कुणाची पाठ सोलावी लागत नाही. आणि तुम्ही एवढे जण उभे होता, एकालाही प्लग दिसला नाही?"

दारातली गर्दी मागे सरकू लागली.

सून नळाखाली हात धरून उभी होती. तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. सासूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"पोलिसांना सांग," त्या मुलीला म्हणाल्या, "छडी बाबाची होती, पण हात मी धरला होता."