शेवटची दहा पावलं

नवस बोलली गोदाबाई आणि अडकले लोटूभाऊचे पाय. त्यांचा शालिग्राम पलटणीबरोबर हैदराबादकडे निघाला, तेव्हाच तिने तापीमाईला सांगून टाकलं, "पोरगा धड घरी आला, तर त्याचा बाप आठवड्यात शंभर मैल धावेल."

लोटूभाऊ म्हणजे फोपनारातला सगळ्यात जाड माणूस. बैल सुटला तरी तो जागेवरूनच बैलाची समजूत घालायचा.

"गोदे, स्वतःचं काही बोलायचंस ना. उपास वगैरे."

"माझे सातही वार आधीच्या नवसांत गेले. घरात रिकामे तुमचे पायच होते."

हैदराबादची लढाई पाच दिवसांत आटोपली. अख्खं संस्थान सामील झालं म्हणे. शालिग्राम मात्र घरी येईना. महिना झाला, चिठ्ठी नाही. मग लोटूभाऊने ठरवलं, नवस आधीच फेडून टाकायचा. एकदा घेतल्यावर नाही म्हणायला तापीमाईलाही जड जाईल.

सोमवारी धोतर खोचून तो निघाला. बुऱ्हाणपूरला तापीच्या घाटावर जाऊन परत, चौदा मैल. सात दिवसांचे अठ्ठ्याण्णव, उरलेले दोन गावातल्या फेऱ्यांचे.

केळीच्या बागेतून कोणीतरी ओरडलं, "लोटूभाऊ, जरा जोर लावा ना, गोगलगाय पुढे निघून गेली!"

"जाऊ दे तिला. तिचा नवस लहान असेल."

गुरुवारी तळपायांची सालं निघाली. गोदाबाईने हळद-तेल लावून चिंध्या बांधल्या. शुक्रवारी थट्टा थांबली. शनिवारी तीच माणसं तांबे भरून बांधावर उभी राहिली. लोटूभाऊला हे थट्टेपेक्षा जड गेलं.

रविवारी घाटावरून परतताना मागून घंटी वाजली. पोस्टातला गिरधर.

"लोटूभाऊ, थांबा. तार आहे."

गावात आजवर तीन तारा आल्या होत्या. तिन्ही घरांत त्या दिवशी चूल पेटली नव्हती. लोटूभाऊ थांबला नाही.

"थांबलो तर नवस मोडतो. झाल्यावर दे."

"किती राहिले?"

"पाच मैल."

गिरधरने सायकल बाजूला घेतली. इतकी हळू सायकल चालेना, म्हणून तो उतरून ढकलत चालू लागला. तरी मधूनमधून त्याला थांबावं लागे.

गावातल्या फेऱ्याही झाल्या. शेवटच्या फेरीला घर दहा पावलांवर आलं, तसा लोटूभाऊ जागच्या जागीच धावू लागला. पाय वर, पाय खाली.

"लोटूभाऊ, हे काय?"

"धावतोय."

"पण पुढे..."

"तुला घाई आहे का?"

गिरधरला घाई नव्हती. त्याने खाली मान घातली.

गोदाबाई पाणी घेऊन बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, मग गिरधरच्या हातातल्या कागदाकडे. तांब्या ओट्यावर ठेवला. पदर खोचून खाली उतरली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहून तीही जागच्या जागी धावू लागली.

"तुझं तर काहीच शिल्लक नव्हतं ना?" तो धापा टाकत म्हणाला.

"बोलू नका. दम जातो."

गिरधरने सायकल भिंतीला टेकवली आणि टोपी काढली. ओट्यावरचं ऊन उतरून गल्लीपार गेलं. दहा पावलं तशीच होती.